भोक कुठंय

नोटीस घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो
तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते.
बोल्डेरायाच्या या चौकोनी इमारतींना लिफ्ट नाही,
केअरटेकरचे गुडघे आहेत.
नोटिशीत लिहिलं होतं: दर्शनी भिंतीवर
काहीही ठोकण्यास, चिकटवण्यास, टांगण्यास मनाई.
खाली सोसायटीचा शिक्का, जरा वाकडा. मीच मारलेला.

स्काइद्रीतेबाईंनी उभ्या उभ्याच कागद वाचला
आणि म्हणाल्या,
"भोक कुठंय, गुनवाल्दिस? दाखव."

भोक नव्हतं.
खिडकीच्या चौकटीत एक फळी, बर्चची, मापून कापलेली,
दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
आणि दोन पंखांचे बोल्ट, बोटांनी फिरवायचे.
पिळले की फळी रुतून बसते,
सैल केले की मुकाट हातात येते.
फळीला पाइपचा तुकडा,
पाइपात मासे धरायची काठी, एकात एक सरकणारी,
काठीवरून वेटोळे घेत गेलेली तांब्याची तार.
दुसरी तार जमिनीवर: कपाटामागून, पलंगाखालून,
थेट न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत.
"तिच्यावर पाय देऊ नकोस. ती माझी जमीन.
पाचव्या मजल्यावर अशीच अंथरावी लागते."

रात्री लावायची, उजाडायच्या आत काढायची.
"नोटिसा दिवसा येतात, असा माझा समज होता."

अकरा हिवाळे त्या अटलांटिकवर होत्या,
मासे डबाबंद करणाऱ्या जहाजावर, रेडिओच्या खोलीत.
तिथली अँटेना कधी काढावी लागली नाही,
नुसता बर्फ झटकायचा.
आता उजव्या मनगटाला प्लास्टर,
दुधाच्या दुकानापुढे घसरल्यापासून.
फळी कशीबशी बसवली होती,
काठी बाहेर सरकत नव्हती.
"आलाच आहेस, तर धर."

धरली.
बाहेर उणे अकरा.
नदीवरून येणारा वारा सहा मीटर काठीतून
सरळ माझ्या कोपरापर्यंत.
"अजून बाहेर. तिरकी. खाली नको, तिथे झेंटाचा टीव्ही आहे."
मीटरचा काटा लाल पट्ट्यात थरथरत होता,
आणि एकदम पडला, शून्याजवळ, शांत.
मी काठी पाइपात बसवून मागे सरलो,
काटा परत वर.
पुढे आलो, खाली.
बाईंनी चष्म्यावरून माझे बूट पाहिले.
"पाय कुठंय तुझा?"
तारेवर होता.
"राहू दे. तिथेच राहू दे."

मग डाव्या हाताने त्यांनी टिकटिक सुरू केली,
अडखळत, नव्याने लिहायला शिकणाऱ्या पोरासारखी.
नुसती खरखर.
मग खरखरीतून बारीक शिट्टी, तुटक.
फेरो बेटांवरचा हानुस. दर गुरुवारी तोच असतो म्हणे.
पेन्सिलीने अक्षरं उतरवताना बाई थांबल्या, हसल्या.
"विचारतोय, कोण बोलतंय?
म्हणतो, हा हात ओळखीचा नाही."

बावीस वर्षं, एकदाही न भेटता,
त्याला तो हात पाठ होता.

त्यांनी काय उत्तर दिलं, मला कळलं नाही.
बरंच लांब होतं.
माझा पाय बधिर झाला होता, पण हलवला नाही.
बर्फ खिडकीतून आत येऊन
नोटिशीवर पडत होता, शिक्क्याची शाई फुटत होती.

पावणेसहाला पुन्हा पाच मजले चढलो.
काठी एकात एक सरकवली, बोल्ट सैल केले,
फळी पलंगाखाली.
चौकटीवर रबराची पुसट काळी रेघ उरली होती,
ओल्या फडक्याने पुसली.
नोंदवहीत लिहिलं: पाहणी केली. भिंतीला काही आढळलं नाही.

हे खरंच आहे.

फक्त घरी, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी,
मी हल्ली पाय जपून टाकतो.